नोंदी आपल्या, मग पान कुणाचं?

ग्रंथपालानं वेबपान बांधायला शिकावं, की ते काम जाणकाराकडे सोपवून आपण पुस्तकं सांभाळावीत? ग्रंथालयशास्त्राच्या वर्गात हा प्रश्न परीक्षेपुरता असतो. तालुक्याच्या वाचनालयात तो पैशांचा, वेळेचा आणि मानापमानाचाही होतो. रायगड जिल्ह्यातल्या कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांबद्दल इंटरनेटवर मजकूर कमी नाही, पण त्यातला बराचसा फार्महाऊसचा, धबधब्यांचा आणि गडावर जायच्या वाटांचा. इथल्या गावांचा आणि माणसांचा छापील मजकूर वाचनालयांच्या कपाटांत आहे आणि तो कपाटात आहे हे बाहेर कुणाला कळायची सोय नाही.

पुढच्या संवादातली माणसं कल्पित आहेत. गुरुजी निवृत्त शिक्षक, कर्जत तालुक्यातल्या एका शासनमान्य वाचनालयाचे कार्यवाह. ग्रंथपाल त्यांची जुनी विद्यार्थिनी. ती राहते कर्जतला आणि खोपोलीच्या बाजूच्या एका महाविद्यालयात नोकरी करते. वाचनालयाच्या ग्रंथपालबाईंना आणि लिपिकाला वेबपान बांधायला शिकवावं, असा अर्ज तिनं दिला आहे. गुरुजींना तो मान्य नाही.

गुरुजी: तुझा अर्ज वाचला. आमच्या बाईंना तू संध्याकाळी एचटीएमएल शिकवणार. अगं, त्यांचा पगार अनुदानातून होतो आणि अनुदान येईल तेव्हा होतो. देवघेव त्याच बघतात, दाखल नोंदवही त्याच लिहितात, वार्षिक अहवाल त्याच करतात. घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं!

ग्रंथपाल: गुरुजी, घोडं आधीच दारात आलंय. परवा एक मुलगी प्रकल्पासाठी माहिती शोधत होती. तुमच्याकडे तीन पुस्तकं होती. ती तुमच्या दारावरून रोज जाते, पण शोधलं फोनवर आणि मिळालं भलतंच.

गुरुजी: मग आत यायचं होतं, विचारायचं होतं. आणि आमचा व्हॉट्सअॅप ग्रुप आहे की. नवीन पुस्तकं आली की मुखपृष्ठांचे फोटो टाकतो.

ग्रंथपाल: ते ग्रुपमधल्यांना दिसतात आणि संध्याकाळपर्यंत सुप्रभातच्या फुलांखाली जातात. सहा महिन्यांनी कुणाला त्यातलं पुस्तक हवं असेल तर तुम्हाला तरी सापडेल का? ग्रुप ही दवंडी झाली. तालिका वेगळी, ती जागेवर राहते.

गुरुजी: बरं, तालिका हवी. मग करून घेऊ. वाचनालयाची इमारत उभी राहिली तेव्हा मी गवंडीकाम शिकलो नव्हतो. पैसे दिले, गवंड्यानं भिंत बांधली.

ग्रंथपाल: भिंत त्यानं बांधली, पण वाचनकक्षाची खिडकी उत्तरेला ठेवा, पुस्तकांवर ऊन नको, हे कुणी सांगितलं? तुम्ही. नकाशा तुम्हाला वाचता येत होता म्हणून. माझं मागणं तेवढंच आहे. वेबपानाचा नकाशा ग्रंथपालाला वाचता यावा आणि एखादी लहान भिंत स्वतःच्या हातानं बांधता यावी.

गुरुजी: म्हणजे ओळख करून घ्यायची. त्याला शिकणं कशाला म्हणतेस?

ग्रंथपाल: कारण काय मागता येतं हे माहीत असल्याशिवाय मागता येत नाही. बघा, आपल्या जिल्ह्यात महड आणि महाड ही दोन ठिकाणं आहेत. एक खालापूर तालुक्यात, अष्टविनायकांतल्या वरदविनायकाचं. दुसरं चवदार तळ्याचं, १९२७ च्या सत्याग्रहाचं. रोमन लिपीत दोन्हींचं स्पेलिंग बहुतेक वेळा एकच होतं. पुस्तकांची यादी बनवून देणाऱ्या मुलाला हे ठाऊक असायचं कारण नाही.

गुरुजी: ते त्याला सांगता येईल. कागदावर लिहून दे.

ग्रंथपाल: अजून आहे. नुसतं ‘कर्जत’ शोधलं की अहिल्यानगर जिल्ह्यातलं कर्जतही येतं. पेब आणि विकटगड एकच किल्ला. कोथळीगड म्हणजेच पेठचा किल्ला. खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळली. त्यानंतरच्या बातम्यांत ते नाव इर्शाळवाडी, इरशाळवाडी, इर्शालवाडी असं छापून आलं. तुमच्याकडे त्या दिवसांची कात्रणं आहेत. एका नावानं शोधणाऱ्याला दुसऱ्या नावाची कात्रणं सापडणार नाहीत. आपण तालिकापत्रावर काय करायचो?

गुरुजी: एक नाव पक्कं करायचं आणि बाकीच्या नावांवर ‘पाहा’ लिहायचं. विकटगड, पाहा पेब. विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, पाहा भाई कोतवाल.

ग्रंथपाल: वेबपानावर तो ‘पाहा’ म्हणजे दुवा. पण तयार साच्यातल्या यादीत रकाने असतात नाव, लेखक, किंमत. ‘पाहा’ला जागाच नसते. जागा करता येते हे ज्याला माहीत आहे तोच ती करायला लावेल. कोतवालांचंच घ्या. जन्म माथेरानचा, म्हणजे आपल्या तालुक्यातला. २ जानेवारी १९४३ ला ते स्वातंत्र्यलढ्यात हुतात्मा झाले सिद्धगडावर, म्हणजे ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाड तालुक्यात. जिल्ह्याच्या रकान्यात काय भरायचं? एकच जिल्हा लिहिला तर एका बाजूचा वाचक तुटतो. दोन्ही लिहायला रकाना तसा बांधावा लागतो.

गुरुजी: हे मात्र खरं. गॅझेटिअरचंही तसंच आहे. मुलं कुलाब्याचा खंड मागतात. कुलाब्याचा रायगड झाला १९८१ साली एवढं त्यांना माहीत असतं. पण कर्जत कुलाब्यात आलंच मुळी १८९१ साली. इंग्रजांच्या गॅझेटिअरमधलं माथेरान आणि कोंडाण्याची लेणी हवी असतील तर १८८२ चा ठाण्याचा खंड काढावा लागतो.

ग्रंथपाल: आता हे वाक्य तुम्ही मला सांगितलं. याआधी किती जणांना सांगितलं असेल?

गुरुजी: जो विचारतो त्याला.

ग्रंथपाल: आणि तुम्ही नसाल त्या दिवशी विचारणाऱ्याला? हे एक वाक्य ‘कर्जतविषयी जुनी माहिती कुठे शोधावी’ अशा मथळ्याखाली पानावर असलं, तर पुण्यात बसलेल्या विद्यार्थ्यालाही मिळेल. गॅझेटिअर इंटरनेटवर आहेतच. कुठला खंड उघडायचा हे सांगणारं माणूस तिथे नाही. ते काम आपलं.

गुरुजी: तू मला माझ्याच विषयात अडकवतेस. ठीक आहे, मजकूर ग्रंथपालाचा. पण तो पडद्यावर चढवणं हे कारागिराचंच काम. मजकूर आणि कारागिरी वेगळी ठेव.

ग्रंथपाल: वेगळी ठेवता येत नाही, ते असं. कडाव, कशेळे, कळंब. तालुक्यातली तीन गावं. मराठी क्रमानं लावा.

गुरुजी: तू म्हणालीस तोच क्रम. कडाव, मग कशेळे, मग कळंब. ळ शेवटी, हच्या पुढे.

ग्रंथपाल: संगणक कडाव, कळंब, कशेळे लावतो. यूनिकोडच्या तक्त्यात ळला लच्या शेजारची जागा दिलीय, व आणि शच्या आधी. साधी क्रमवारी त्या तक्त्यातल्या आकड्यांवर चालते. मराठीच्या नियमानं लाव, असं जावास्क्रिप्टमध्ये स्पष्ट सांगितलं की ळ हच्या पुढे जातो. काम एका ओळीचं आहे. पण ती ओळ लिहायला क्रम चुकलाय हे आधी दिसावं लागतं. ते तुम्हाला दिसलं. यादी बनवून देणाऱ्याला दिसणार नाही, कारण तो ती इंग्रजीत तपासतो.

गुरुजी: अकारविल्हेसुद्धा बिघडवून ठेवली म्हणजे!

ग्रंथपाल: पानाची भाषा मराठी आहे, ही खूणही पानाच्या सुरुवातीलाच द्यावी लागते. अंधांना पान वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर त्यावरून आवाज निवडतं. काही फाँटांमध्ये ल आणि शची मराठी वळणं त्या खुणेमुळेच उमटतात, नाहीतर हिंदी वळणाची अक्षरं येतात. इतकी लहान गोष्ट, पण ती बाहेरचा माणूस आठवणीनं करेल ही आशा धरू नका.

गुरुजी: हे सगळं पटण्यासारखं आहे. पण जगात मोठी ग्रंथालयं काय करतात? त्यांचे ग्रंथपाल काय कोड लिहितात? तूच मागे त्या कोहाचं सांगत होतीस.

ग्रंथपाल: हो. न्यूझीलंडमधला होरोव्हेनुआ हा आपल्यासारखाच, शहरापासून लांबचा भाग. तिथल्या सार्वजनिक ग्रंथालयाची जुनी प्रणाली २००० साल उजाडलं की चालणार नव्हती. १९९९ मध्ये त्यांनी नवी करून घेतली आणि जानेवारी २००० मध्ये ती कामाला लागली. तीच कोहा. आज आपल्याकडच्या कितीतरी महाविद्यालयांत ती आहे.

गुरुजी: करून घेतली! म्हणजे कंपनीकडून. माझंच म्हणणं सिद्ध झालं.

ग्रंथपाल: अर्धं झालं. प्रोग्राम कंपनीनं लिहिला हे कबूल. पण तो मुक्त परवान्याखाली सगळ्यांना खुला ठेवायचा, म्हणजे एका कंपनीवर कुणाचं अडणार नाही, हे ठरवण्यात ग्रंथालयाचा वाटा होता. असा निर्णय घ्यायला परवाना म्हणजे काय ते कळावं लागतं. दुसरं उदाहरण त्याच्याही आधीचं. टिम बर्नर्स-ली यांचं वेब १९९१ मध्ये युरोपातल्या सर्न संस्थेबाहेर पसरायला लागलं. त्याच वर्षी डिसेंबरात अमेरिकेतलं पहिलं संकेतस्थळ सुरू झालं, स्टॅनफर्डच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत. कशासाठी, माहीत आहे? शोधनिबंधांची सूची जगभरच्या संशोधकांना पाहता यावी म्हणून. पॉल कुन्झ या शास्त्रज्ञानं वेब तिथे आणलं आणि या सूचीसाठी ते किती कामाचं आहे हे ओळखून पाठपुरावा केला तो लुईज अॅडिस या तिथल्या ग्रंथपालांनी.

गुरुजी: सूचीसाठी? खरेदीविक्रीसाठी नाही?

ग्रंथपाल: सूचीसाठी. दुकानं नंतर आली.

गुरुजी: बरं. शिकायचं तर काय काय? कारण मी पाहिलंय, असले वर्ग लावलेली मुलं दर महिन्याला नव्या गोष्टीचं नाव घेतात. एक ना धड, भाराभर चिंध्या.

ग्रंथपाल: म्हणून मी थोडंच शिकवणार आहे. पहिली पायरी वेबची नाहीच. दाखल नोंदवहीतली माहिती तक्त्यात, यूनिकोडमध्ये, नीट रकाने पाडून उतरवायची. तुमची मागची यादी श्रीलिपीच्या जुन्या फाँटात आहे. तो फाँट नसलेल्या यंत्रावर ती अगम्य दिसते आणि शोधता तर येतच नाही. ती बदलून तपासून घ्यायची. दुसरी पायरी एचटीएमएल. मथळा, उपमथळा, परिच्छेद, यादी, तक्ता, दुवा. चित्र असेल तर त्याचं शब्दांत वर्णन. तिसरी सीएसएस, तीही अक्षरं फोनवर नीट वाचता येतील इतपत. चौथी, शोधायची एक चौकट चालवण्यापुरतं जावास्क्रिप्ट. तिथे थांबायचं.

गुरुजी: मथळा मोठ्या ठळक अक्षरात काढला की झालं. त्याला शिकायचं काय?

ग्रंथपाल: ठळक दिसणं वेगळं आणि मथळा असणं वेगळं. नुसतं ठळक केलं तर डोळ्यांना मथळा दिसतो, पण शोधयंत्राला आणि अंध वाचकाच्या सॉफ्टवेअरला तो साधा परिच्छेदच वाटतो. पहिल्या पातळीचा मथळा, त्याखाली दुसऱ्या पातळीचा, अशी उतरंड सांगावी लागते. मुख्य वर्ग आणि उपवर्ग पाडायला तुमच्या बाईंना नव्यानं शिकवायला नको. ते त्या रोज करतात. म्हणून मी म्हणते, बी.एस्सी. झालेल्या मुलापेक्षा त्यांना हे लवकर येईल.

गुरुजी: किती दिवसांत?

ग्रंथपाल: पहिलं साधं पान पहिल्याच आठवड्यात. अंगवळणी पडायला पावसाळाभर लागेल.

गुरुजी: पावसाळ्यात इथे वीज जाते, वाड्यांवर रेंज जाते. वाचक कुठल्या यंत्रावर बघणार तुझं पान? महागातला फोन सगळ्यांकडे नाही.

ग्रंथपाल: म्हणूनच साधं पान. सरकती चित्रं, हलती पट्टी, वर संगीत, असं काही नको. नुसत्या मजकुराचं पान इतकं हलकं असतं की रेंज क्षीण असली तरी उघडतं. बाहेरून करून घेतलं की आधी ती सरकती चित्रंच येतात, कारण पैसे देणाऱ्याला तीच दिसतात.

गुरुजी: आता माझा खरा आक्षेप ऐक. मी महाविद्यालयांची ग्रंथालयपानं पाहिली आहेत. महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकची समिती येणार म्हटलं की घाईघाईनं पान तयार होतं. समिती गेली की ‘नवीन काय’ या मथळ्याखाली तीन वर्षांपूर्वीच्या कार्यक्रमाचं निमंत्रण पडून असतं. वाचक ते बघतो आणि समजतो की ग्रंथालयच बंद पडलं. बंद दारापेक्षा खोटं उघडं दार वाईट. आज तू उत्साहानं शिकवशील. उद्या तुझी बदली, परवा आमच्या बाईंना दुसरी नोकरी. मग?

ग्रंथपाल: याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. मी स्वतः अशी पानं पाहिली आहेत.

गुरुजी: मग अर्ज मागे घे.

ग्रंथपाल: मागे घेत नाही, अटी घालते. पान बंद कशानं पडतं ते पाहा. डोमेन एखाद्या उत्साही माणसाच्या नावावर असतं आणि तो सोडून जातो. नूतनीकरणाची तारीख कुणाला माहीत नसते. पासवर्ड एकाच्याच फोनमध्ये असतो. किंवा पान अशा गुंतागुंतीच्या साच्यात बांधलेलं असतं की तो साचा अद्ययावत केला नाही तर कुणीतरी त्यात शिरतं. यातलं काहीही तांत्रिक नाही, शेवटचं सोडलं तर. हे दप्तराचं काम आहे, आणि दप्तर ठेवणं आपल्याला येतं.

गुरुजी: म्हणजे डोमेन संस्थेच्या नावावर.

ग्रंथपाल: संस्थेच्या नावावर, नूतनीकरणाची तारीख वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेवर, पासवर्ड सीलबंद पाकिटात कपाटात. पानं साध्या फाइलींची. त्यांची एक प्रत वाचनालयाच्या यंत्रात, एक बाहेर डिस्कवर. आणि ‘नवीन काय’ हा मथळाच नको. जे रोज बदलतं ते फलकावर आणि ग्रुपवर. पानावर टिकणारं तेवढंच ठेवायचं. वेळ, पत्ता, ग्रंथसूची, स्थानिक संदर्भांची यादी. वर्षभर कुणी हात लावला नाही तरी ते खोटं ठरत नाही.

गुरुजी: आणि शिकणार दोघं, बाई आणि लिपिक. एकटा नाही. ही माझी अट.

ग्रंथपाल: मान्य.

गुरुजी: मग जुने दिवाळी अंकही चढवून टाकू. कपाटभर आहेत, वाळवी लागायच्या आधी स्कॅन करू.

ग्रंथपाल: जपण्यासाठी स्कॅन करू, पण उघड्यावर ठेवता येणार नाहीत. भारतीय कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क टिकतो. साने गुरुजी १९५० साली गेले, त्यांचं लेखन आता खुलं आहे. पु. ल. २००० साली गेले, त्यांच्या लेखनाला अजून पुष्कळ वर्षं आहेत. दिवाळी अंकात दर लेखाचा लेखक वेगळा. आपण अनुक्रमणिका देऊ. कुठल्या अंकात कुणाचा कर्जत-खालापुराशी संबंधित लेख आहे एवढं सांगू. वाचायला माणूस वाचनालयात येईल.

गुरुजी: हे आवडलं. आणि सभासदांची यादी? ती लावली की लोकांना बरं वाटतं.

ग्रंथपाल: ती मुळीच नाही. नाव, पत्ता, फोन, कुणी कुठलं पुस्तक नेलं, यातलं काही बाहेर जाता कामा नये. २०२३ चा वैयक्तिक विदा संरक्षण कायदा आहेच. पण कायदा नसता तरी वाचक काय वाचतो ते सांगणं आपल्या कामात बसत नाही. मला भीती याचीच वाटते. बाहेरच्याला सगळं दप्तर दिलं तर तो तक्ता जसाच्या तसा पानामागच्या फाइलीत ठेवतो. पडद्यावर दिसत नाही म्हणून आपण निर्धास्त राहतो, पण फाइल ज्याला उघडायची त्याला उघडते. पानाचा मूळ मजकूर कसा बघायचा हे ज्या ग्रंथपालाला येतं तिला हे दोन मिनिटांत कळतं.

गुरुजी: एवढ्या एका कारणासाठीसुद्धा तुझा वर्ग लावायला हरकत नव्हती. हे आधी सांगायचंस.

ग्रंथपाल: आधी सांगितलं असतं तर तुम्ही पानच नको म्हणाला असतात.

गुरुजी: तेही खरं! पण एक गोष्ट मला अजून पटत नाही. या सगळ्यानं वाचक वाढतील असं तुला वाटतं?

ग्रंथपाल: ठाऊक नाही. जे येत नाहीत त्यांच्यातले काही येतील. बरेचसे पानावरूनच माहिती घेऊन जातील आणि उंबरठा ओलांडणार नाहीत.

गुरुजी: आणि वर्गणीही भरणार नाहीत. वाचनालय वर्गणीवर आणि अनुदानावर चालतं. बाईंचे संध्याकाळचे तास त्या न भरणाऱ्यांसाठी खर्च व्हायचे. तो वेळ आज समोर बसलेल्या आजोबांचा आहे, ज्यांना मोठ्या अक्षरातलं पुस्तक शोधून द्यायचंय.

ग्रंथपाल: रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली, त्यात वाचकाचा वेळ वाचवा हे एक. समोरचे आजोबा वाचक आहेत आणि पुण्यातला तो विद्यार्थीही. दोघांत कुणाला आधी, हे सूत्रात लिहिलेलं नाही.

गुरुजी: मी लिहितो. आधी समोरचा. वर्ग देवघेवीच्या वेळेत नको. आठवड्यात वाचनालय बंद असतं त्या दिवशी घे आणि त्या तासांचा मोबदला संस्था बाईंना देईल. फुकट शिका, फुकट राबा, हे मला चालणार नाही.

ग्रंथपाल: मोबदल्याचं मी अर्जात लिहायला धजले नव्हते.

गुरुजी: मग आता लिही. ठराव करू. डोमेन संस्थेच्या नावावर, शिकणारे दोघं, सभासदांची माहिती बाहेर नाही, मोबदला वेतनेतर खर्चातून. आणि गावांची, किल्ल्यांची, माणसांची नावं पानावर चढण्याआधी माझ्या नजरेखालून जातील. ‘पाहा’ कुठे लागेल ते मी सांगेन.

ग्रंथपाल: आणि तरीही पान बंद पडलं तर?

गुरुजी: तर वार्षिक सभेत जाब दोघांनी द्यायचा. ठरावावर सूचक म्हणून नाव तुझं असेल, अनुमोदक म्हणून माझं.